डोंगरीच्या वळणावर उजवा हात

भाईंदरजवळच्या आमच्या शांती नगरातली माणसं काश्मीर करून येतात, दुबई करून येतात, अष्टविनायक तर दरवर्षी. पण उत्तनला किती जण गेलेत विचारा! "आहे ना, तिकडे कुठेतरी समुद्र आहे, बस जाते," इथपर्यंतच सगळ्यांची मजल. मी तरी कुठे वेगळी होते? गिरगाव सोडून इथे राहायला आले, मुलांची शाळा-कॉलेजं झाली, लग्नं झाली, पण आपल्याच गावाचा समुद्र काही बघितला नव्हता. तो बघितला गेल्या हिवाळ्यात, सायकलवरून, सुषमाबरोबर. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितेय. ह्यात मिठागरं आहेत, समुद्र आहे, खाणंपिणं आहे. पण आधीच सांगून ठेवते, की ज्या गोष्टीसाठी आम्ही गेलो ती तिथेच घालवून आलो, आणि त्याची हळहळ अजून जात नाही.

निघण्याआधी

सुषमा आमच्या समोरच्या विंगेत राहते. मूळची रत्नागिरीकडची. तिचे दोघे भाऊ सायकलने शाळेत जायचे आणि ही त्यांच्यामागून चालत. "मुलीला कशाला सायकल," एवढं एकच वाक्य, त्यावर विषय बंद. लग्नानंतर संसार, सासूचं आजारपण, सगळं रीतसर झालं. मग पन्नाशी उलटल्यावर एके दिवशी जिन्यात मला थांबवून म्हणाली, "शैले, हसू नकोस, पण मला सायकल शिकायचीय." मी हसलेच. मलाही येत नव्हती ना!

माझ्या मुलांच्या जुन्या सायकलवर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही दोघी शिकलो. गुडघे फुटले, एका गाडीचा आरसा वाकवला, वॉचमनने आम्हाला बघून तोंड फिरवून हसायची सवयच लावून घेतली. एका सकाळी मी तिची सीट मागून धरून धावत होते आणि हळूच सोडून दिली. बाई विंगेला वळसा घालून आली आणि ओरडली, "सोडलंस का गं मला?" मी म्हटलं, "केव्हाच!" ती उतरली, सायकलच्या हँडलवर डोकं टेकलं आणि रडायला लागली. हसत हसत रडत होती. त्या महिन्यात तिने स्वतःची निळी सायकल घेतली.

तिचे मिस्टर दिलीपराव. माणूस वाईट नाही, पण जीभ तिखट. "वहिनी, ह्या रस्त्यावर धडधाकट माणसं आडवी होतायत, तुम्ही दोघी कुठे निघालात?" असं रोज. सुषमा बाजारात सायकलने गेली की हे गॅलरीत उभे, ती परत येईपर्यंत. शेवटी एकदा वैतागून त्यांनी फर्मान काढलं: "एकदाच काय ते होऊन जाऊ दे. उत्तनपर्यंत जा, धड परत या. आली तर सायकल तिची, मी परत चकार शब्द काढणार नाही. खरचटलं जरी, तरी सायकल विकून टाकणार."

"चालेल," सुषमा म्हणाली. त्यांचं वाक्य संपायच्या आत.

मी शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. माझं काम म्हणजे सगळं नियमात बसवणं. मी म्हटलं, आपण एकही नियम मोडायचा नाही. डावीकडून जायचं, एकामागे एक. सिग्नलला थांबायचं. उलट्या बाजूने घुसायचं नाही. आणि वळताना हात दाखवायचा. उजवीकडे वळायचं असेल तर उजवा हात आडवा, पूर्ण, खांद्याच्या रेषेत. पार्किंगमध्ये आम्ही एका हाताने सायकल चालवायचा सराव केला. सुषमाला आधी जमेना, हात काढला की चाक वळवळायचं. पण बाई चिकाटीची. नंतर तिचा हात माझ्यापेक्षा सरळ जायला लागला.

शांती नगर ते भाईंदर पूर्व

शनिवारी सकाळी निघालो. डोक्याला हेल्मेट, सुषमाने ओढणीला गाठ मारून ती कमरेला खोचलेली. दिलीपराव गेटपर्यंत आले आणि टायर दाबून बघून गेले.

पहिल्याच वळणावर मी उजवा हात आडवा केला. कचकन ब्रेक लागला आणि बाजूला रिक्षा उभी. "किधर जाना है?"

"कहीं नहीं, मुडना है."

"तो हाथ काय को दिखाया?" असं म्हणून गेला रागाने. पुढच्या वळणावर दुसरा. तिसऱ्या वेळी सुषमाने हात काढला तर शेअर रिक्षावाला थांबला आणि आतली बाई सरकून तिला जागा करून द्यायला लागली! आम्ही दोघी सायकलवर, डोक्यात हेल्मेट, तरी त्यांना वाटावं की रिक्षा हवीय? सुषमा इतकी हसली की तिला पाय टेकावा लागला. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, तिथेच आम्हाला कळायला हवं होतं. पण तेव्हा ती गंमत होती. जो तो आपला आपल्या सवयीने चालतोय, एवढंच वाटलं.

मेट्रोच्या खांबांखालून गोल्डन नेस्टच्या सिग्नलला आलो. लाल. थांबलो, पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे. मागून बाइकवाल्यांचा हॉर्न सुरू. एकजण माझ्या चाकाला चाक लावून म्हणतो, "आंटी, निकलो ना, सायकल को सिग्नल नहीं होता."

सुषमा म्हणाली, "होता है. लाल दिखता है ना, वही होता है."

ट्रॅफिक वॉर्डनही शिट्टी तोंडातून काढून आमच्याकडे बघत होता. कौतुक वाटलं असेल म्हणून मी जरा ताठ बसले, तर त्याने लाल असतानाच हात हलवला: "जा, जा मॅडम, तुम्ही कशाला थांबताय? मध्येच अडकाल." आम्ही हिरवा होईपर्यंत थांबलो. हिरवा झाला आणि सगळे आमच्या अंगावरून गेल्यासारखे गेले.

पण चांगलं झालं ते पण सांगायला हवं. रेल्वेवरच्या पुलाच्या चढावर आमचा दम निघाला. मागे बस. मला वाटलं, ड्रायव्हर आता हॉर्न मारून जीव काढणार. त्याने नाही मारला. अख्खा चढ आमच्या वेगाने चढला, बायामाणसं खिडकीतून डोकं काढून आरडाओरडा करत होती तरी. वर पोचल्यावर त्याने बाहेर हात काढून आम्हाला थांबा अशी खूण केली आणि भरपूर अंतर ठेवून पुढे गेला. सुषमा धापा टाकत म्हणाली, "देव भलं करो रे तुझं." तो ऐकायला होता कुठे, पण तिला म्हणायचं होतं.

मिठागरांचा रस्ता

भाईंदर पश्चिमेला फरसाणवाल्याकडे थांबलो. गरम फाफडा, कच्च्या पपईचा परतलेला संभारा, तळलेल्या मिरच्या. शेठने आमच्या सायकली दुकानाच्या पायरीवर चढवायला लावल्या. "बेन, नीचे मत रखो, कोई ठोक के जाएगा." कुठे चाललात म्हणाला. उत्तन म्हटल्यावर त्याने हात जोडले आणि वर दोन जिलब्या घातल्या. आपल्याकडे गिरगावात एवढं उदार कुणी नव्हतं, हे मला नाइलाजाने कबूल करायला हवं.

तिथून पुढे गाव बदलतं. इमारती मागे पडतात आणि दोन्ही बाजूंना मिठागरं लागतात. चौकोनी वाफ्यांत पाणी, कडेला मिठाच्या राशी, त्यापलीकडे तिवरांची हिरवी रेघ. बगळे एका पायावर उभे. खारट वास. रस्ता मात्र अरुंद, आणि त्या रस्त्यावर बस, डंपर, मासळीचे टेम्पो, स्कूटर सगळं एकत्र. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं एकामागून एक येत राहतात. अंगणात तुळस, बाजूला चारमजली बंगला, ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या आमच्याकडे बघून आपसात काहीतरी बोलत होत्या. एकीने मोठ्याने विचारलं, "कुटं चाललीव गो?"

"डोंगरीला!"

"सायकलीवं? बस न्हाय काय?" आणि सगळ्या हसल्या. आमच्या सोसायटीत आमच्या तोंडावर कुणी हसत नाही, लिफ्टमध्ये शिरल्यावर हसतात. मला तोंडावरचं हसू आवडलं.

एक गोष्ट मी त्या रस्त्यावर पाहिली, पण तिचा अर्थ तेव्हा लागला नाही. ठिकठिकाणी बायका डोक्यावर पाटी घेऊन रस्त्याच्या डाव्या कडेला उभ्या असतात. रिकामा टेम्पो आला की हात आडवा करतात. टेम्पो थांबतो. ओळख असो नसो, बाई मागे चढते, पुढच्या गावाला उतरते. कुणी कुणाला काही विचारत नाही. बसची वाट बघत ओझं घेऊन बाई उभी आहे आणि रिकामा टेम्पो पुढे निघून गेला, असं त्या रस्त्यावर होत नाही. किती चांगली रीत, असं मी सुषमाला ओरडून सांगितलं. ती पुढे होती. ती म्हणाली, "आमच्याकडे पण असंच होतं गं, बैलगाडी थांबायची."

तेव्हा ती इतकी खूश होती! गाणं गुणगुणत होती. मध्येच मागे वळून म्हणाली, "शैले, हे आता माझं झालं हं. उद्या परत गेले की हे म्हणणार, घे बाई, तुझी सायकल तुला." मी ओरडले, "पुढे बघ आधी!"

डोंगरी

उत्तनच्या अगदी अलीकडे, डोंगरीत माझी जुनी सहकारी रोझी राहते. तिच्याकडे मुक्काम ठरला होता. तिचं घर मुख्य रस्त्यावरून उजवीकडे आत गल्लीत. वळणाच्या आधी छोटा चढ आहे. सुषमा पुढे, मी मागे, दोघी दमलेल्या, वेग असा की शेजारून चालणारा माणूसही पुढे जाईल. तिने नीट मागे पाहिलं. टेम्पो बराच लांब होता. तिने उजवा हात आडवा केला, पूर्ण, खांद्याच्या रेषेत, शिकवल्यासारखा.

टेम्पोवाल्याने काय पाहिलं, ते त्याने मागाहून सांगितलं. त्याला दिसली डाव्या कडेला, चढावर दमलेली, घामाघूम झालेली एक मावशी, आणि तिचा रस्त्यात आडवा केलेला हात. त्याने ते केलं जे तो रोज करतो. तो थांबला. तिच्या अगदी बाजूला येऊन, करकचून ब्रेक मारून थांबला, दार उघडून म्हणाला, "चल गो मावशी, सायकल मागं टाकू."

त्याच्या मागे स्कूटर होती, अगदी चिकटून. ती त्याच्यावर आदळली. स्कूटर चालवणारा कसाबसा सावरला. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई रस्त्यावर पडली, उजव्या हातावर.

मी तो आवाज सांगत नाही.

सुषमा सायकल टाकून धावली. ती बाई उठून बसली होती आणि आपल्या मनगटाकडे बघत होती. मनगट जिथे वाकत नाही तिथे वाकलं होतं. माणसं जमली. कुणी पाणी आणलं, कुणी टेम्पोवाल्याला धरलं. "असा कसा थांबला रे?"

"मावशीनं हात दाखवला ना!" तो रडकुंडीला आला होता. बावतीस त्याचं नाव. "हात दाखवला तं थांबू न्हाय काय?"

सगळे सुषमाकडे वळले. कुणी रागावलेलं नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, "पोरी, हात कशाला दाखवलास? बसायचं व्हतं?"

"नाही," सुषमा म्हणाली. "वळायचं होतं."

"मग वळायचं ना!" तो म्हणाला. दोघं-तिघं हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, आश्चर्यच होतं. त्या रस्त्यावर वळणारा वळतो. हात दाखवणारा थांबवतो. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आम्हालाच माहीत नव्हतं.

मी मधे पडले. माझा स्वभावच तसा, मला राहवत नाही. मी मोठ्याने सांगायला लागले की कायद्यात हात दाखवायचाच असतो, की स्कूटरने अंतर ठेवायला हवं होतं, की बाईने हेल्मेट घातलं नव्हतं. मी बोललेलं सगळं बरोबर होतं. आणि रस्त्यावर एक बाई मोडलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. सुषमाने माझा दंड धरला आणि म्हणाली, "शैले, गप्प बस."

रोझीचं घर

त्या बाईचं नाव मार्था. स्कूटर तिच्या भावाची. बावतीसने तिला आणि तिच्या भावाला टेम्पोतच पुढे बसवलं आणि भाईंदरला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. आमच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. आम्ही सायकली हातात धरून रोझीच्या दारात गेलो.

रोझीने फुगे केले होते. फुगे म्हणजे पावासारख्या पिठाचे तळलेले गोळे, त्यांच्याकडे लग्नात-सणात करतात. सोबत बाटलीतल्या मसाल्याचं माशाचं कालवण आणि ताजे बोंबील, कुरकुरीत. वर्षभराचा मसाला उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत दाबून भरतात, म्हणून बाटलीतला मसाला. रोझी वाढत होती आणि सुषमा ताटाकडे बघत होती. रोझी म्हणाली, "अगं हो, आज शनिवार ना तुमचा! माझ्या लक्षात न्हाय आलं. थांब, डाळ टाकते." सुषमाने मान हलवली. शनिवार आम्ही पाळतो हे खरं, पण तिला डाळही गेली नाही.

"मार्था काय करते?" तिने विचारलं.

"कोलंबी सोलते," रोझी म्हणाली. "बोटी आल्या की किनाऱ्यावर बसतात ना बायका, त्यातली ती. हात भारी चालतो तिचा. आता हे तीन-चार महिनेच कामाचे."

सुषमाला पुढे विचारायची गरज नव्हती. तिच्या गावाला तिची मावशी हेच काम करायची. मोसमात दोन हात नसले तर काय होतं, हे तिला मी किंवा रोझीने सांगायला नको होतं.

उत्तनचा किनारा

रविवारी सकाळी आम्ही उत्तनला गेलो, पण चालत. सुषमा म्हणाली, "तू जा सायकलने, मी येते मागून." मग मी पण चालले.

किनारा सुंदर आहे. लिहायला घेतलंय तर हे पण लिहायला हवं, नाहीतर तुम्ही जाणार नाही. रंगीत बोटी, त्यांवर झेंडे, दूर दीपस्तंभ, आणि बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, ओळीच्या ओळी, जबड्यात जबडा अडकवून. वारा आला की सगळी ओळ हलते. रविवारची प्रार्थना सुटलेली, फुलाफुलांचे फ्रॉक घातलेल्या म्हाताऱ्या आणि नऊवारीतल्या कोळणी एकाच ओट्यावर गप्पा मारत होत्या. सावलीत बायका बसल्या होत्या, मध्ये कोलंबीचा ढीग, आणि त्यांचे हात असे चालत होते की डोळा ठरत नव्हता. सुषमा तिथे उभी राहिली. बराच वेळ. मी समुद्र बघत होते, ती ते हात बघत होती.

मार्थाचं घर जवळच होतं. कोपरापर्यंत प्लास्टर, गळ्यात फडक्याची झोळी. आम्हाला बघून तिने डाव्या हाताने खुर्ची पुढे ओढली. सुषमा खाली जमिनीवर बसली.

"माझ्यामुळे झालं हो," ती म्हणाली.

"तुजा काय दोष न्हाय गो," मार्था म्हणाली. "तू तुज्या रीतीनं केलंस, बावतीसनं त्याच्या. माज्या भावाला सांगत व्हते, अंतर ठेव, अंतर ठेव. ऐकतो काय?" मग जरा थांबून म्हणाली, "पन डावा हात काय कामाचा न्हाय बघ. काल भाताचा घासबी सांडला." आणि हसली.

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला सुद्धा असं वाटलं, मग सुषमाचं काय झालं असेल! तिने मार्थाचा पदर नीट केला, केस विंचरून दिले, वेणी घातली. त्या एका सकाळीपुरतं जे करता येईल ते केलं. निघताना मार्थाने सुक्या बोंबलांची पुडी दिली. नको म्हणता म्हणता घ्यावी लागली.

परत

रोझीच्या दारात बावतीस टेम्पो घेऊन उभा. रात्रभर झोपला नव्हता हे तोंडावरून दिसत होतं. "मावशी, सोडतो मी तुमाला. सायकली मागं टाकू." मी म्हटलं, नाही, आम्ही चालवत जाणार, त्यासाठीच आलोय. सुषमाने मात्र आपली निळी सायकल त्याच्या हातात दिली.

मी तिला बाजूला घेतलं. "अगं, वेडी आहेस का? परत चालवत गेलीस की सायकल तुझी. एवढंच राहिलंय. सरळ रस्ता आहे."

"वळणं आहेत," ती म्हणाली.

"मग हात नको दाखवूस! उतरून ओलांडू."

तिने माझ्याकडे पाहिलं. "शैले, मी हात दाखवला तर माणूस पडतो आणि नाही दाखवला तर मी पडेन. मला भीती माझ्या पडण्याची नव्हतीच गं कधी. ती भीती ह्यांना होती."

ती टेम्पोत पुढे बसली. तिची सायकल मागे मासळीच्या रिकाम्या क्रेटांवर तिरकी. मी एकटी चालवत निघाले. बावतीस माझ्यामागून हळूहळू येत होता, मला सांभाळत. मिठागरं लागली तेव्हा मी त्याला पुढे जा म्हणून सांगितलं. मला रडायचं होतं आणि ते त्याच्या डोळ्यांसमोर नको होतं. पुढे गेलेल्या टेम्पोच्या मागून तिच्या सायकलचं चाक वर दिसत होतं, गोल फिरत होतं.

शांती नगर

आमच्या वळणाआधी बावतीस माझ्यासाठी थांबला होता, म्हणून सगळे एकदमच पोचलो. दिलीपराव गेटवर होते. त्यांनी आधी सुषमाच्या कोपरांकडे बघितलं, मग गुडघ्यांकडे. एक ओरखडा नाही. त्यांचं तोंड असं उजळलं की मी त्या माणसाला पहिल्यांदाच बघतेय असं मला वाटलं. "जिंकलीस तू!" ते म्हणाले. "ठेव सायकल. दिला शब्द."

"विकून टाका," सुषमा म्हणाली, आणि आत गेली.

त्यांना सगळं मी सांगितलं. ऐकून ते गेटच्या कठड्यावर बसले. नंतर त्यांनी फार प्रयत्न केले, खोटं कशाला सांगू. तिच्या सायकलला आरसा बसवून आणला, मागे लुकलुकणारा लाल दिवा लावला. रोज सकाळी सायकल पुसून ठेवायचे. मला जिन्यात गाठून म्हणायचे, "वहिनी, तुमचं ऐकेल ती. तुम्ही तरी बोला." जो माणूस ती सायकल विकायला निघाला होता, तो मला हात जोडत होता. मी बोलले. चिडून बोलले, लाडाने बोलले, भावांची आठवण काढून बोलले. ती म्हणायची, "झालं गं माझं. आली ना मला सायकल? येते. बस झालं."

मार्थाला भेटायला ती दर महिन्याला बसने जाते. मार्थाचं प्लास्टर निघालं, पण मनगट पूर्वीसारखं वळत नाही. ती आता कोलंबी सोलत नाही, सोललेली निवडते. बसल्या बसल्या होतं म्हणते.

शेवटी सुषमाच्या हट्टापुढे दिलीपरावांनी हात टेकले आणि सायकलसाठी गिऱ्हाईक आलं. पुढच्या सेक्टरमधली एक तरुण बाई, हॉस्पिटलात नर्स. ड्यूटीला सायकलने जायचं म्हणत होती. गोड होती, डोळ्यांत नुसता उत्साह. सुषमाने तिला सायकल दाखवली. ब्रेक असे, गिअर असे, चेनला तेल घालत जा. मग गंभीर होऊन सांगितलं, "डावीकडूनच चालव. उलट्या बाजूने कधी घुसू नकोस, कितीही लांबचा वळसा पडला तरी. सिग्नलला थांब, मागचे काही म्हणोत."

"हो काकू. आणि वळताना हात दाखवायचा ना?"

सुषमा माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हिला विचार," आणि लिफ्टकडे चालायला लागली.

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. कायदा तोच आहे, बदललेला नाही. दुसरं काय सांगणार होते मी?

"दाखवायचा," मी म्हटलं, आणि मागे लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला.